झीलकरी तारा

“शिलिंडर फुटला! शिलिंडर! आरं सगल्यांनी खाली उतरा! लिफ्ट नको, जिना धरा!”

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीच्या दारात उभे राहून असे ओरडत होते की पार तिकडे उलव्यात लोकांनी शेगड्या विझवल्या असतील. सेक्रेटरीकाका मूळचे इथल्याच गावठाणातले. नेरूळमध्ये जिथे आमची इमारत उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या वडिलांचं भातशेत होतं. त्यामुळे इमारतीत कुठेही खुट्ट झालं की ते त्यांना स्वतःच्या बरगडीत ऐकू येतं. त्या दिवशी सकाळी ते टाकीचं पाणी बघायला वर गेले होते, झाकण उचलायला वाकले आणि पाठीमागे धडाम झालं.

सगळी इमारत खाली पळत होती आणि मी एकटा वर पळत होतो. एक बाई इडलीपात्र घेऊन उतरत होत्या, आतून वाफ येत होती. एक गृहस्थ टीव्हीचा रिमोट घेऊन निघाले होते. टीव्ही जळला तरी चालेल, रिमोट वाचला पाहिजे. मी वर का पळत होतो? कारण आई गच्चीवर होती. वाळवणाला कावळे लागू नयेत म्हणून हातात काठी घेऊन ती सकाळपासून वर बसली होती.

गच्चीवर आग नव्हती, धूर नव्हता. चादरीवर कुरडया होत्या, दुसऱ्या चादरीवर साबुदाण्याच्या पापड्या होत्या, कोपऱ्यात मिरच्या होत्या. आणि या सगळ्या वाळवणाच्या मधोमध, काळ्या पेटीत, उताणी, पोटावर जुन्या साडीचा तुकडा पांघरून माझी बारा तारांची गिटार पडली होती. साडीचा तुकडा एका बाजूला उडाला होता. सगळ्या तारा हवेत उभ्या राहून थरथरत होत्या. त्या ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात, जिला आपण सतारीच्या भाषेत घोडी म्हणतो, ती घोडी फळीवरून उखडून तारांच्या टोकाला लोंबत होती. उखडताना तिने आजूबाजूच्या कुरडयांचा भुगा केला होता.

“काका, सिलिंडर नाही,” मी म्हणालो. “गिटार आहे.”

“गिटार फुटते?”

“बारा तारांची फुटते.”

“मंग अशी वस्तू घरात ठेवतास कशी? सोसायटीला कलवला का?” असं म्हणून ते जिन्यावरून खाली ओरडले, “या वर! शिलिंडर नाय! पेटी फुटली!” आणि खालचे लोक अर्धे सुटल्यासारखे, अर्धे हिरमुसल्यासारखे घरात गेले.

आई काठी धरून तशीच उभी होती.

आता ही गिटार काय चीज होती ते सांगायला हवं. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची आमच्या घरात पद्धत आहे. बायको तर निम्मं वजा करून उरलेल्याचाही पुरावा मागते. पण गिटारीबद्दल जे सांगतो त्यातून काही वजा करू नये, अशी विनंती आहे.

साध्या गिटारीला सहा तारा असतात. हिला प्रत्येक तारेला खेटून आणखी एक. बोट एकच ठेवायचं, वाजतात दोन. बारीक तारांच्या जोड्या जुळ्या बहिणींसारख्या, एकाच सुरात. पण जाड तारांच्या शेजारी जी बारकुडी असते ती वरच्या सप्तकात लावलेली असते. म्हणजे खाली एक दणकट गडी चाललाय आणि त्याच्या खांद्यावर बसून कुणी पोर किणकिणतंय, असा तो आवाज. यात सुख जेवढं तेवढा ताप. बारा तारांचा मिळून ताण इतका की ती गिटार वाशीच्या खाडीवर आडवी टाकली असती तर पुलाला खांब लागले नसते. आणि सूर लावणं! मी पहिल्यांदा सूर लावायला बसलो तेव्हा समोरच्या प्लॉटवर पाया खणत होते. सूर लागला तेव्हा तिथले लोक आम्हाला वास्तुशांतीचे पेढे द्यायला आले.

ती मी घेतली ऐरोलीला, एका सॉफ्टवेअरवाल्याकडून. तो कायमचा परदेशी निघाला होता आणि घरातलं सगळं काढत होता. फ्रीज गेला होता, सोफा गेला होता, गिटार राहिली होती. जुनी वस्तू बघायला गेलो की मी आधी तोंड वाकडं करतो. ती माझी सवयच आहे. समोरच्याला वाटलं पाहिजे की हा माणूस उपकार म्हणून आलाय. त्या दिवशीही दारातच तोंड वाकडं करून घेतलं. मग गिटार हातात आली आणि तोंड सरळ झालं ते परत वाकडं होईचना.

मी तिची मान डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखी बघितली. इतका ताण असूनही मान सरळ, जेमतेम हवा तेवढाच बाक. पाठीवर बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, बाजारात कलिंगड बघतो तसं. मानेवरच्या प्रत्येक पडद्यावर प्रत्येक जोडी दाबून वाजवली. कुठे तार खरखरते का, वर जाता जाता सूर सरकतो का. मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या पोटात डोकावलो. आतल्या पट्ट्या पातळ, सुबक, कुठे डिंक ओघळलेला नाही. पुढची फळी कुठल्या तरी थंड मुलखातल्या झाडाची, अखंड, चिकटवलेले थर नाहीत. तिच्यातल्या रेषा वहीवर ओढल्यासारख्या सरळ. आणि पाठ होती शिसवीची. आपल्याच जंगलातली शिसवी समुद्रापार गेली, तिथे गिटार झाली आणि ऐरोलीत येऊन माझी वाट बघत बसली. त्या पोटातला वास मी अजून सांगू शकतो. बाबांच्या जुन्या पेटाऱ्यासारखा होता.

मग मी एकदाच हात फिरवला. खालच्या पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म वाजले, असं मी लोकांना सांगतो. गाड्यांचं सोडा. पण त्या माणसाची बायको आतून ओले हात पुसत आली आणि त्याला म्हणाली, “ही विकायलाच पाहिजे का?” हे मात्र जसंच्या तसं खरं आहे. पुढच्याला बोलायला वेळ द्यायचा नसतो, म्हणून मी पेटी बंद केली, कड्या लावल्या आणि रिक्षात बसलो.

आई आमच्याकडे आली ती बाबा गेल्यावर. मंडणगडच्या बाजूचं आमचं गाव. घर बंद केलं, किल्ली शेजारी दिली आणि तिला इथे आणली. ती आली, पण राहायला लागली नाही. पंखा लावू का विचारायची. चहा टाकू का विचारायची. नळाचं पाणी जोरात आलं तर आपल्यामुळे आलं अशा चेहऱ्याने तोटी बारीक करायची. बायको म्हणायची, “आई, तुमचंच घर आहे,” आणि आई म्हणायची, “हां, तर,” आणि परत गॅलरीतल्या स्टुलावर जाऊन पाहुण्यासारखी बसायची. मुलगा म्हणून मला हे बघवत नसे. बघवत नसलं की मी जास्त बोलतो. मी बोलायचो, ती ऐकायची, निम्मं वजा करायची.

गिटार घरी आली त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये बसून वाजवत होतो. वाजवत होतो म्हणजे काय, दोन-तीन कॉर्ड्स येतात त्या गोल गोल फिरवत होतो. आई गॅलरीतून उठून आत आली. कुणी न बोलावता आली. सोफ्यावर बसली, डोळे मिटले आणि ऐकत राहिली.

“हिच्यात दोघं हायत,” ती म्हणाली.

“दोघं कोण?”

“एक म्हणतोय आन एक मागनं झील धरतोय.”

मी थांबलो. ती आणल्यापासून मी घरात सगळ्यांना सप्तक आणि जोड्या आणि काय काय समजावत होतो.

झील म्हणजे काय ते आमच्या घरात सांगावं लागत नाही. बाबांची गायन पार्टी होती. जयंतीला, पौर्णिमेला, लग्नात, गावोगाव जायची. बाबा पुढे उभे राहून म्हणायचे आणि मागे बसलेले लोक ओळीचं शेवटचं टोक उचलून उंच धरायचे, पुढचं कडवं येईपर्यंत पडू द्यायचे नाहीत. ती झील. बाबांचा आवाज एवढा मोठा की लाउडस्पीकरवाला भाडं घ्यायला लाजायचा. पण कडव्याच्या शेवटी बाबांचा दम संपायचा, आणि नेमक्या तिथे मागून एक बाईचा आवाज यायचा, पातळ, सरळ, तारेसारखा. लोकांना वाटायचं बाबांचाच आवाज वर चढला. माइकवाला कार्यक्रमाच्या आधी बाबांचं नाव घ्यायचा, पेटीवाल्याचं घ्यायचा, ढोलकीवाल्याचं घ्यायचा आणि मग म्हणायचा, “आणि साथीदार.” आई त्या साथीदारांत.

त्या संध्याकाळनंतर रोज असं झालं की मी गिटार काढली की आई येऊन बसायची. आधी नुसती झील धरायची, तोंड मिटून. मग एक दिवस मी वाजवत असताना तिने बाबांचं एक पद पहिल्या ओळीपासून उचललं. पुढची ओळ, जी आयुष्यभर दुसऱ्यांची होती. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. काय लागला! आमच्या मजल्यावरची चारी दारं उघडली. बायकोने कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी मध्ये यायला नको म्हणून. मी गिटार वाजवता वाजवता तिच्याकडे बघत होतो आणि सूर चुकवत होतो, आणि ती न थांबता, न बघता हाताने मला दाखवत होती, वर घे, वर.

पद संपल्यावर मी म्हटलं, “आई, अगं एवढं येत होतं तर इतकी वर्षं का नाही म्हटलंस?”

“मागं कोन तरी लागतं रे,” ती म्हणाली. “मागं रिकामं असलं की गळा आवळतो. ही हाय मागं.” आणि तिने गिटारीच्या पाठीवर हात ठेवला, सुनेच्या पाठीवर ठेवावा तसा.

मग मी काय करणार? मी जाऊन सगळीकडे सांगितलं. विहारातल्या महिला मंडळाला सांगितलं की माझ्या आईचा आवाज ऐकून खाडीतले रोहित पक्षी उडायचे थांबतात. मंडळाच्या बायकांनी निम्मं वजा केलं, पण उरलेल्यावर भरवसा ठेवून घरी येऊन ऐकलं आणि जागच्या हलेनात. वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात तिने दोन पदं म्हणायची ठरली. आई नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “ही वाजनार असंल तर म्हनते.” आणि बायका उठून जायला निघाल्यावर तिने त्यांना दारात थांबवलं.

“नाव घेत्यात का म्हननाऱ्याचं? माइकवर?”

“घेतात ना आजी. पूर्ण नाव घेतात.”

आईने मान हलवली, फार महत्त्वाचं काही विचारलं नव्हतं असं दाखवत. पण त्या दिवसापासून ती बदलली. पंखा न विचारता लावायला लागली. पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून कपाटात वेगळी टांगली. आणि उन्हं कडक झाल्यावर कुणाला न विचारता बाजारातून गव्हाचा चीक करायला गहू आणले, सोऱ्या शोधला आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडून स्वतः मागून आणली. काका मला जिन्यात म्हणाले, “तुजी आई तं जोरात हाय रं. गच्ची निम्मी तिच्या नावावर करून द्यायची का?” मी म्हटलं, “सगळीच करा.” आतून मला इतका आनंद झाला होता. आई राहायला आली होती.

कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की घोडीच्या मागे एक काळी रेघ दिसतेय, केसाएवढी. गिटार घेऊन मी वाशीला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पांढऱ्या कागदाचा कपटा घेतला आणि घोडीखाली सरकवून बघितला. कडेला थोडासा आत गेला, मग अडला. मग फळीवर पट्टी आडवी ठेवून वाकून बघितलं.

“पोट जरा वर आलंय,” तो म्हणाला. “बारा तारांची आहे, येणारच. पण वस्तू भारी आहे, साहेब. अशी परत मिळणार नाही. सूर अर्धा उतरवून ठेवा, वरचा सूर हवा तर मानेला चिमटा लावून वाजवा. कार्यक्रम झाला की आणून द्या, घोडी परत बसवतो. दमट जागी ठेवू नका. आणि ऊन तर विसराच. डिंक सुटला तर संपलं.”

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. सांगितलं, पण मी सांगतो तसं सांगितलं. म्हणालो, हिने गेल्या पावसात अर्धी खाडी पिऊन ठेवलीय, पोट टम्म झालंय, आतून मासे पकडता येतील. म्हणालो, उन्हाचं तर नाव काढू नका, ऊन लागलं तर मेणबत्तीसारखी वितळून गटारातून वाहत जाईल आणि मग मी कोपरखैरण्याला गटाराच्या तोंडाशी चाळणी घेऊन बसेन. बायको हसली. आईही हसली.

“लाकूड वितळतंय होय रे?” ती म्हणाली.

“हे लाकूड वितळतं.”

“गप बस,” ती म्हणाली, आणि पीठ मळायला गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा ती पेटी उचलून गच्चीवर घेऊन गेली. एवढी जड पेटी, दोन जिने. आणि मग मी तुम्हाला सांगितलेला तो आवाज झाला.

सेक्रेटरीकाका खाली गेल्यावर गच्चीवर आम्ही दोघंच राहिलो. ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते. काळ्या पेटीला मी हात लावला आणि लगेच काढला.

“कार्यक्रम हाय ना संध्याकाळचा,” आई म्हणाली. “वाद्य तापवाय नको?”

मग मला कळलं. आमच्या पार्टीचा डफ होता, कातड्याचा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून आई त्याला अंगणात उन्हात ठेवायची, मधूनमधून बोटाने वाजवून बघायची. संध्याकाळी गार पडला तर शेकोटीजवळ धरायची. ढिला डफ तापला की ताठ होतो, आवाज वर चढतो, आणि मगच बाबा उभे राहायचे. आईने आयुष्यात वाद्यांची जी काही काळजी घेतली होती ती ही होती. त्यात मी तिला सांगितलं होतं की हिने पाणी प्यायलंय. पाण्याची गोष्ट तिने निम्मी केली आणि खरी धरली, कारण पेटीच्या अस्तराला आलेला बुरशीचा वास तिने स्वतः घेतला होता. वितळायची गोष्ट तिने पूर्ण वजा केली, कारण ती माझी आई आहे आणि तिला माझं बोलणं माहीत आहे. त्यातली एकच गोष्ट खरी होती, आणि ती मी इतकी रंगवून सांगितली होती की ती खरी असेल असं कुणालाच वाटलं नसतं.

“मला वाटलं सांजच्याला ताठ वाजंल,” ती म्हणाली.

“अगं काही नाही झालेलं,” मी म्हणालो. “असं होतं. अमेरिकेत तर कार्यक्रमाआधी मुद्दाम काढतात घोडी, हात मोकळा व्हावा म्हणून.”

तिने यातलं काहीही वजा केलं नाही. मग खाली बसून तिने कुरडयांचा भुगा एका हाताने दुसऱ्या हातावर गोळा केला आणि पिशवीत भरला.

मी तसाच रिक्षा करून वाशीला पळालो. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, घोडी उचलली, तिच्या पाठीला लागलेली फळीची साल बघितली. चष्मा काढून ठेवला. “घोडी एकटी नाही आली,” तो म्हणाला. “फळी घेऊन आली.” मी त्याला म्हटलं, संध्याकाळपर्यंत काहीतरी कर, दोरीने बांध, खिळे मार. तो म्हणाला, “साहेब, घरी जा.”

तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीची गिटार मी मागून आणली. बरी होती. सहा तारांची. विहारात पेटी होती, तबला होता, पोरं तयार होती. पांढरी साडी नेसून आई तयार बसली होती. मी तिच्यासमोर बसून हात फिरवला. तिने डोळे मिटले, ऐकलं, डोळे उघडले.

“चल,” ती म्हणाली. “उशीर होतोय.”

मला वाटलं, जमलं. रस्ताभर मी बोलत होतो. विहारात पोचल्यावर ती पुढे मांडलेल्या सतरंजीवर न जाता मंडळाच्या बायकांजवळ गेली, त्यांच्या कानात काही बोलली आणि मागच्या ओळीत जाऊन बसली. मंडळाच्या एक बाई पुढे येऊन म्हणायला लागल्या. चांगल्या म्हणत होत्या. कडव्याच्या शेवटी त्यांचा दम संपला आणि मागून तो आवाज आला. सभागृहातल्या लोकांनी माना वर केल्या. त्यांना वाटलं त्या बाईंचाच आवाज चढला. टाळ्या झाल्या. माइकवाल्याने बाईंचं नाव घेतलं, पेटीवाल्याचं घेतलं, तबलेवाल्याचं घेतलं. “आणि साथीदार,” तो म्हणाला.

मी दरवाजाजवळ चपलांपाशी बसलो होतो, मांडीवर उसनी गिटार. इमारतीच्या मीटिंगमध्ये माझ्या हातातला माइक काढून घ्यायला दोन माणसं लागतात. त्या संध्याकाळी उठून एवढंही म्हणायला जमलं नाही की मागे बसल्यात त्या माझ्या आई आहेत, आणि त्यांचं नाव हे आहे. आजही कुठे कार्यक्रम असला, माइकवाला नावं घ्यायला लागला की माझे पाय जागच्या जागी हलतात. उठावंसं वाटतं. आता उठून काय उपयोग.

गच्चीवरची गोष्ट मात्र मी सोसायटीत भरपूर सांगितली. सांगता सांगता घोडी उडून पाम बीच रोडवर पडली, मग एका बसच्या टपावर पडून बेलापूरपर्यंत गेली, मग नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर उतरणारी ती पहिलीच वस्तू ठरली. सेक्रेटरीकाका त्यात आपला सिलिंडर घालायचे. लोक हसून लोळायचे. आईसमोर सांगितली तेव्हा आईही हसली. हसून झाल्यावर म्हणाली, “किल्ली देऊन ये काकांची.” वाळवण अर्धं राहिलं होतं, ते तिने गॅलरीत उरकलं. पंखा लावू का, असं परत विचारायला लागली. बायको म्हणाली, “लोकांना गोष्टी सांगत फिरतोस, इथे बघ जरा.” मी बघत होतो. बघत होतो म्हणूनच सांगत होतो.

पाऊस आला, गेला. गणपती झाले. दुरुस्तीवाल्याने काम घाईने केलं नाही; फळीला नवा तुकडा जोडला, आतल्या पट्ट्या चिकटवल्या, घोडी बसवली. मी न्यायला गेलो तेव्हा मी ती गिटार परत एकदा, पहिल्यांदा बघतोय अशी पारखली. मान डोळ्यासमोर धरली, सरळ. पाठीवर ठोकलं, तीच गोल दाद. पोटात डोकावलो, तोच वास. जोड कुठे आहे ते दाखवल्याशिवाय दिसत नव्हता. आवाजात अजूनही असा दम होता की बाजारातल्या नव्या कोऱ्या गिटारी लाजून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहाव्यात. फक्त डोक्यावरच्या अर्ध्या खुंट्या मोकळ्या होत्या आणि घोडीतली अर्धी छिद्रं रिकामी.

“सहाच चढवल्यात,” तो म्हणाला. “आता तेवढंच झेपेल. बारा लावाल तर या वेळी पूर्ण पोटच उखडून येईल. सहा तारांची म्हणून वाजवा, आयुष्यभर पुरेल.”

घरी आलो. आई गॅलरीत स्टुलावर बसून लसूण सोलत होती. मी तिला हॉलमध्ये बोलावलं, सोफ्यावर बसवलं. मग बाबांच्या त्या पदाचे सूर तिच्या पट्टीत धरले आणि वाजवायला लागलो. चुकलो नाही, इतके महिने त्या मुलीच्या गिटारीवर घोकलं होतं. आवाज भरदार होता, गोल होता. आईने डोळे मिटले. पहिली ओळ आली आणि गेली. परत फिरवली. परत आली आणि गेली.

“म्हण की आई,” मी म्हणालो. “सगळं तसंच आहे. दुरुस्तीवाला तर म्हणाला पहिल्यापेक्षा गोड झालीय.”

तिने डोळे उघडले आणि मोकळ्या खुंट्यांकडे बघितलं.

“बाकीच्या कुठंयत?”

“काढल्या त्याने. आता सहाच राहतील.”

“परत नाय लावनार?”

“नाही आई.”

“मंग राहू दे,” आई म्हणाली.